तोंडातले जिवाणू रक्तात उतरतात तेव्हा

मराठवाड्यातल्या खेड्यात कुणाची प्रकृती हाताबाहेर गेली की घरच्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'घाटी'. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झालं आणि त्याचं रुग्णालय जालना, बीड, परभणीपर्यंत याच नावानं ओळखलं जातं. त्याच्या शेजारीच शासकीय दंत महाविद्यालय आहे, १९८२ पासूनचं. एकातून दुसऱ्यात चालत जाता येतं. रुग्णांच्या मनात मात्र या दोन ठिकाणांमध्ये मोठी भिंत असते. दाढ ठणकली तर इकडे, ताप उतरेना तर तिकडे. महिनाभर रेंगाळलेल्या तापाचा आणि किडलेल्या दाढेचा काही संबंध असेल, हे ध्यानीमनीही नसतं. आणि खरं सांगायचं तर काही डॉक्टरांच्याही नसतं.

तोंडात राहतं कोण?

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचे कापडव्यापारी आंतोनी फान लेव्हेनहुक यांनी १६८३ मध्ये आपल्या दातांवरचा पांढरट साका खरवडून स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरला. त्यात वळवळणारे, गिरक्या घेणारे जीव दिसले. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्यांनी तसं पत्रच लिहिलं. एका राज्यात माणसं नसतील इतके जीव आपल्या तोंडात आहेत, असा त्यांचा अंदाज होता. माणसानं जिवाणू पाहिल्याच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक, आणि ती दाताच्या मळातली.

माणसांच्या तोंडात आढळणाऱ्या जिवाणूंच्या सातशेच्या आसपास जाती आज माहीत आहेत. एका माणसाच्या तोंडात त्या साऱ्या नसतात. ज्या असतात त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी, काही तर कामाच्या. त्यांनी जागा अडवून ठेवलेली असते म्हणून बाहेरच्या घातक जंतूंना सहजी पाय रोवता येत नाहीत. पालेभाजी किंवा बीट खाल्लं की त्यातल्या नायट्रेटवर जिभेच्या मागच्या भागातले जिवाणू प्रक्रिया करतात आणि त्यातून पुढे रक्तवाहिन्या सैलावणारं द्रव्य तयार होतं. म्हणजे रक्तदाब आटोक्यात ठेवण्यातही त्यांचा थोडा वाटा आहे. रोज जंतुनाशक द्रव्यानं खळखळून चुळा भरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

यांतला सगळ्यांत मोठा गोतावळा स्ट्रेप्टोकोकसचा. प्रयोगशाळेत रक्त मिसळलेल्या अगारवर वाढवले की भोवती हिरवट कडं उमटतं, म्हणून या गटाला व्हिरिडन्स म्हणतात. सँग्विनिस, मायटिस, म्युटन्स ही त्यांतली नावं. म्युटन्स हा दात किडवणारा मुख्य आरोपी. लंडनमध्ये किलियन क्लार्क यांनी १९२४ मध्ये तो वेगळा केला. दातांवर ही मंडळी राहतात, तर हिरडीच्या खाली, जिथे हवा पोचत नाही, तिथे फ्युझोबॅक्टेरियमसारखे प्राणवायूविना जगणारे जिवाणू असतात. कीटण साचून हिरडी दातापासून सुटली की त्या खोबणीत त्यांची भरभराट होते.

रक्तात शिरायची वाट

तोंडातून रक्तात जायला या जिवाणूंना फार खटपट करावी लागत नाही. सुजलेल्या हिरडीचं अस्तर फाटकं असतं आणि त्याच्या लगेच खाली बारीक रक्तवाहिन्या. १९३५ मध्ये ओकेल आणि एलियट या इंग्रज डॉक्टरांनी दात काढल्यानंतर लगेच रुग्णांचं रक्त तपासलं. ६१ टक्के जणांच्या रक्तात तोंडातले स्ट्रेप्टोकोकस सापडले. त्याहून विचार करायला लावणारी त्यांची दुसरी नोंद अशी, की ज्यांच्या हिरड्या फार खराब होत्या, त्यांच्यापैकी ११ टक्के जणांच्या रक्तात दात काढण्याआधीच हे जिवाणू होते. कुणी हात लावलेला नसताना.

२००८ मध्ये अमेरिकेत पीटर लॉकहार्ट यांच्या गटानं २९० जणांवर हाच प्रश्न नीट मांडून पाहिला. दात काढल्यावर ६० टक्के जणांच्या रक्तात असे जिवाणू मिळाले, दात काढण्याआधी अमॉक्सिसिलिन दिलेल्यांत ३३ टक्के आणि नुसतं ब्रशनं दात घासल्यावर २३ टक्के. दात काय, आयुष्यात दोन-चार वेळा काढला जातो. ब्रश रोजचा. तेव्हा वर्षभराचा हिशेब मांडला तर रक्तात जास्त वेळा जिवाणू जातात ते दातांच्या दवाखान्यातून नव्हे, घरच्या मोरीतून. यावर उपाय ब्रश बंद करणं हा नाही. ज्याच्या हिरड्या निरोगी आहेत त्याच्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येत नाही आणि जिवाणूंनाही फारशी वाट मिळत नाही.

बहुतेकांच्या बाबतीत पुढे काहीच घडत नाही. यकृत आणि प्लीहा त्या जिवाणूंना काही मिनिटांत गाळून टाकतात. अडचण होते ती त्यांना कुठे टेकायला जागा मिळाली तर.

झडपेवरचा मुक्काम

ही जागा म्हणजे हृदयाची खराब झालेली झडप. आपल्याकडे ती बरेचदा लहान वयातच खराब होते. शाळकरी वयात घसा दुखतो, पुढे सांधे धरतात, ताप येतो. हा संधिवाती ताप. सांधे बरे होतात पण हृदयाची झडप कायमची आखडते किंवा गळकी होते. श्रीमंत देशांतून हा आजार जवळपास हटला. दाटीची घरं आणि लांबचे दवाखाने असलेल्या भागांत तो टिकून आहे. अशा झडपेवर रक्त आदळून तिचं अस्तर खरवडतं, त्यावर रक्तबिंबिकांचा आणि तंतूंचा पातळ थर बसतो, आणि रक्तातून जाणारे व्हिरिडन्स नेमके त्याला चिकटतात. ज्या चिकट गुणामुळे ते गुळगुळीत दातावर ठाण मांडतात, तोच इथे कामी येतो.

मग झडपेवर मांसल गाठोडं वाढू लागतं. त्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे पांढऱ्या पेशी आत पोचत नाहीत आणि औषधही मुश्किलीनं शिरतं. गाठोड्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर अर्धांगवायू, प्लीहेत किंवा मूत्रपिंडात गेला तर तिथला भाग मरतो. याला एंडोकार्डायटिस म्हणतात. कॅनडाचे विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये लंडनच्या व्याख्यानांतून या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. १९०९ मध्ये टॉमस होर्डर यांनी यातले जंतू बहुधा तोंडातले असतात हे दाखवलं.

लक्षणं फसवी असतात. धाडकन काही होत नाही. संध्याकाळी कसर येते, रात्री घाम सुटतो, जेवण जात नाही, वजन उतरतं, जिना चढताना दम लागतो. नखांखाली लाल बारीक रेघा दिसू शकतात, बोटांच्या टोकांवर दुखऱ्या गाठी येऊ शकतात. पण त्या प्रत्येकात दिसतीलच असं नाही आणि पाहणाराही हवा. गावात याला सहसा टायफॉइड म्हणतात, मग क्षयाची शंका घेतात. दोन्ही शंका आपल्याकडे गैर नाहीत. गैर आहे ते निदान न करता औषध सुरू करणं.

रक्त आधी, सलाइन नंतर

या आजारातली सगळ्यांत महत्त्वाची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या शिरांतून रक्त घेऊन ते कल्चरच्या बाटल्यांत भरायचं आणि जंतू वाढतो का पाहायचं. जोडीला टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, त्यात झडपेवरचं गाठोडं दिसतं. कल्चरला एकच अट आहे: त्याआधी प्रतिजैविक दिलेलं नसावं. मेडिकलमधून आणलेल्या पाच-सहा गोळ्यांनी किंवा गावातल्या दवाखान्यातल्या दोन दिवसांच्या सलाइननं ताप जातो, रक्तातला जंतू दबतो, झडपेतला जिवंत राहतो. आठवड्यानं ताप पुन्हा. तोवर कल्चर 'निगेटिव्ह' यायची सोय झालेली असते, आणि मग शहरातल्या मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना अंदाजानं औषधं निवडावी लागतात. आपल्या देशात कल्चरमध्ये काहीच न उगवणारे एंडोकार्डायटिसचे रुग्ण इतके का, याचं एक मोठं कारण हेच.

माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वसामान्य माणसाच्या हातातली एकच गोष्ट निवडायची झाली तर ती ही आहे. झडपेचा आजार माहीत असलेल्या माणसाला आठवड्याहून जास्त ताप असेल, तर गोळी घेण्याआधी 'रक्ताचं कल्चर करायचं का' एवढं विचारावं.

पेनिसिलिनच्या आधी आणि नंतर

संगीतकार गुस्टाफ मालर यांना लहानपणच्या संधिवाती तापानं झडपेचा दोष होता. १९११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये ताप हटेना म्हणून डॉ. इमॅन्युएल लिबमन यांना बोलावलं. त्यांचे तरुण सहायक जॉर्ज बेअर यांनी रक्त घेऊन कल्चर लावलं. उगवला तो स्ट्रेप्टोकोकस. मालर यांनी निदान सरळ सांगायला लावलं, असं म्हणतात. निदान अचूक होतं, औषध नव्हतं. १८ मेला व्हिएन्नात ते गेले. त्या काळी हा आजार झालेला माणूस क्वचितच वाचायचा.

ब्रुकलिनच्या लिओ लोवे यांनी १९४४ मध्ये पेनिसिलिन आणि रक्त गोठू न देणारं हेपॅरिन देऊन सलग सात रुग्ण बरे झाल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा हे चित्र पालटलं. महाराष्ट्रात पेनिसिलिन फार उशिरा आलं नाही. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागलं. घाटीचं महाविद्यालय उघडलं ते त्याच्या पुढच्याच वर्षी. आजही व्हिरिडन्सवरचं औषध मुख्यतः तेच किंवा सेफ्ट्रायाक्झोन. पण ते शिरेतून चार आठवडे, कृत्रिम झडप असेल तर सहा. ताप चौथ्या दिवशी उतरतो, घरी शेत किंवा दुकान वाट पाहत असतं, आणि बरं वाटत असताना महिनाभर खाटेवर राहायचं कशाला, असा प्रश्न येतो. उत्तर त्या रक्तवाहिन्या नसलेल्या गाठोड्यात आहे.

दाढ काढण्याआधीची गोळी

अमेरिकन हार्ट असोसिएशननं १९५५ मध्ये हृदयरोग्यांना दात काढण्याआधी प्रतिजैविक देण्याची शिफारस केली आणि पन्नास वर्षं ती बहुतेकांना दिली गेली. २००७ मध्ये त्याच संस्थेनं यादी आखडती घेतली. ज्यांची झडप कृत्रिम आहे, ज्यांना एकदा एंडोकार्डायटिस होऊन गेला आहे, ज्यांच्यात जन्मजात हृदयदोषाचे काही ठरावीक प्रकार आहेत, आणि हृदय प्रत्यारोपणानंतर ज्यांच्या झडपेत बिघाड आहे, एवढ्यांनाच. प्रौढांना दोन ग्रॅम अमॉक्सिसिलिन, अर्धा ते एक तास आधी, एकदाच. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २००८ मध्ये ही पद्धतच बंद करायला सांगितलं आणि २०१६ मध्ये त्या वाक्यात 'नेहमीच्या पद्धतीनं' अशी पुस्ती जोडली. म्हणजे काहींना द्यायची वाट पुन्हा उघडी ठेवली.

संधिवाती तापानं खराब झालेली झडप अमेरिकी यादीत नाही. ऑस्ट्रेलियानं मात्र आपल्या मूळनिवासींसाठी ती यादीत घेतली, कारण त्यांच्यात हा आजार भरपूर आहे. मराठवाड्याची परिस्थिती न्यूयॉर्कपेक्षा तिकडच्या वस्त्यांशी जास्त जुळते असं मला वाटतं. तरी निर्णय हृदयरोगतज्ज्ञाचा.

एक बारकावा बरेचदा निसटतो. संधिवाती तापाच्या रुग्णांना दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं जातं. घरच्यांना वाटतं, इंजेक्शन चालू आहे म्हणजे दाताचीही काळजी मिटली. तसं नाही. ते इंजेक्शन घशातल्या वेगळ्या स्ट्रेप्टोकोकससाठी असतं. उलट सतत पेनिसिलिन मिळाल्यानं तोंडातले जिवाणू त्याला सरावलेले असू शकतात, म्हणून दात काढायच्या वेळी दुसऱ्या जातीचं औषध निवडावं लागतं. दंतवैद्याला हे इंजेक्शन सांगितलं नाही तर त्याला ते कळायचं कसं?

जबड्याखालची सूज

झडपेचा आजार थोड्यांना. पण हा दुसरा धोका कुणालाही आहे, आणि तो दिवसांत नव्हे तर तासांत वाढतो. १८३६ मध्ये श्टुटगार्टच्या विल्हेल्म फॉन लुडविग यांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला लुडविग अँजायना म्हणतात. हृदयाच्या अँजायनाशी त्याचा काही संबंध नाही.

खालच्या मागच्या दोन दाढांची मुळं लांब असतात. जबड्याच्या आतल्या बाजूनं जिभेखालचा जो पसरट स्नायू चिकटतो, त्याच्याही खाली ती उतरतात. त्यामुळे मुळाशी झालेला पू तोंडात न फुटता हनुवटीखालच्या आणि मानेच्या मोकळ्या जागांत पसरतो. हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी टणक सूज येते, जीभ वर उचलली जाते, थुंकी गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो. आडवं झालं की गुदमरायला होतं, म्हणून रुग्ण बसूनच राहतो. माणूस दगावतो तो बहुधा श्वास अडून. प्रतिजैविकांच्या आधी निम्म्याहून अधिक रुग्ण जात. मधुमेह असलेल्यांत हा वेग आणखी वाढतो.

आपल्याकडे यात गुटख्याची भर पडते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. टपरीवर तो मिळतो की नाही हे वाचकांना सांगायला नको. सुपारीनं तोंडाचं अस्तर आतून घट्ट होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. ज्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही त्याच्या शेवटच्या दाढेपर्यंत दंतवैद्याची हत्यारं पोचत नाहीत, म्हणून ती किडतच राहते. आणि सूज आल्यावर भूलतज्ज्ञाला श्वासनलिकेत नळी घालायची तर तोंडातून वाट नसते. मग रुग्ण जागा असतानाच गळ्याला छेद देऊन श्वासाची सोय करायची वेळ येते.

घरगुती उपायांबद्दल दोन शब्द. लवंगेनं ठणका कमी होतो, तेवढ्यापुरतं ठीक. मशेरी लावून हिरडी बधिर होते, आजार नाही. भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेतल्यावर 'दातातले किडे' खाली पडतात असं दाखवणारे आठवडी बाजारात अजून भेटतात. दातात किडे नसतातच, तेव्हा पडणारी वस्तू दुसरीकडची असते. पण सर्वांत मोठी फसवणूक शरीरच करतं. आठ दिवस ठणकणारी दाढ एका रात्री गप्प होते. माणूस सुटलो म्हणतो. आतली नस मेलेली असते आणि संसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरायला मोकळा होतो.

२०२१ च्या उन्हाळ्यात करोनानंतरच्या म्युकरमायकोसिसनं जबड्याचं दुखणं गंभीर असू शकतं हे मराठवाड्यात घरोघर पोचवलं. ती बुरशी होती, हे जिवाणू आहेत. पण त्या वेळची सावधगिरी टिकली असती तर बरं झालं असतं.

मेंदू, फुफ्फुसं आणि मूठ

हृदयदोषामुळे जन्मतः निळसर असलेल्या मुलांच्या हृदयातलं काही रक्त फुफ्फुसांच्या चाळणीतून न जाता थेट शरीरात जातं. त्याबरोबर तोंडातले जिवाणू मेंदूत पोचले तर तिथे गळू होतं. शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्याच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहे, संधिवाती हृदयरोग आहे आणि दातांचे आजारही आहेत. तपासणारं पथक एकच. हृदयाचा आणि दातांचा, हे दोन्ही रकाने एका नजरेनं वाचले जावेत.

फुफ्फुसांत हे जिवाणू थुंकीतून उतरतात: दारूच्या नशेत, फिट आल्यावर, पक्षाघातानंतर. जपानमध्ये ताकेयोशी योनेयामा यांनी ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं पाहिलं. रोज जेवणानंतर ज्यांचे दात घासून दिले त्यांच्यात न्यूमोनिया ११ टक्के, बाकीच्यांत १९. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचे दात घासणं हे घरातल्या कुणाच्याच वाट्याचं काम नसतं.

आणि मूठ. भांडणात समोरच्याच्या दातावर ठोसा बसला की बोटाच्या सांध्यावर बारीक जखम होते. तिच्यातून तोंडातले जिवाणू सांध्यात शिरतात. दिसायला ओरखडा, पण बोट गमावायची वेळ येऊ शकते. तपासताना रुग्ण हमखास 'दरवाजा लागला' म्हणतो.

इथे जपून बोलावं

२०१० मध्ये यिपिंग हान यांच्या गटानं एका मृत जन्मलेल्या बाळात सापडलेला फ्युझोबॅक्टेरियम आईच्या हिरडीखालच्या जिवाणूशी जुळतो हे दाखवलं. २०१२ मध्ये दोन स्वतंत्र गटांना तोच जिवाणू मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत भरपूर सापडला. सापडणं म्हणजे त्यानंच रोग केला असं नव्हे, त्यावर अजून काम चालू आहे. हा इशारा द्यायचं कारण इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सगळ्या रोगांचं मूळ दातांत आहे असं मानून इंग्लंड-अमेरिकेत लोकांचे धडधाकट दात उपटले गेले. न्यू जर्सीच्या हेन्री कॉटन यांनी तर मनोरुग्णांचे दात काढले आणि पुढे आतडीही. तेव्हा 'हिरड्या सांभाळा, मधुमेह, हृदय, स्मृतिभ्रंश सगळं टळेल' अशी जाहिरात दिसली तर अर्धीच मानावी.

केसपेपरवर काय असावं

दंतवैद्याकडे जाताना हृदयाची फाइल आणि हृदयरोगतज्ज्ञाकडे जाताना दातांची चिठ्ठी सोबत असावी. झडप बदलायची शस्त्रक्रिया ठरली असेल तर त्याआधी दातांची तपासणी करून खराब दात काढून घेतात. तारीख जवळ आल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे आधीच उरकावं. झडपेचे रुग्ण असाल तर वर्षातून दोनदा कीटण काढून घ्या. त्याला गोळीपेक्षा जास्त किंमत आहे. जबड्याखाली सूज, गिळायला त्रास आणि ताप असं त्रिकूट दिसलं तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठा. बाहेरून गरम शेक देऊ नका.

ज्यांची झडप धातूची आहे त्यांना रक्त पातळ राहण्यासाठी ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिनची गोळी आयुष्यभर असते. दाढ काढताना रक्त थांबणार नाही या भीतीनं काही जण चार दिवस आधीपासून ती स्वतःच बंद करतात, कधी शेजाऱ्याच्या सल्ल्यानं. दाढेचं रक्त बोळा दाबून आणि टाका घालून बहुधा थांबवता येतं. गोळी बंद केल्यानं झडपेवर जमलेली गुठळी तशी थांबत नाही. त्यामुळे आधी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते, तपासून, दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं होऊ द्यावं आणि मगच दाढेची तारीख घ्यावी.